जेवत्या ताटावरचे पाहुणे

बँकेत असताना माझी विट्याला बदली झाली, तेव्हा ‘दुष्काळी मुलूख’ म्हणून सहकाऱ्यांनी माझे सांत्वन केले होते. सांगली जिल्ह्यातल्या या गावाहून जवळच, साताऱ्याच्या खटाव तालुक्यात मायणीचे तळे आहे आणि थंडीत तिथे रोहित पक्षी उतरतात, हे मला आमच्या शाखेतल्या शिपायाने सांगितले.

एका रविवारी भावाचा कॅमेरा मागून आणला, छत्तीस फोटोंचा रोल भरला आणि पहाटेच स्कूटर काढली. उजाडले तेव्हा ते उथळ पाण्यात उभे होते. काठीसारखे गुलाबी पाय, पांढुरके अंग आणि डोके पार उलटे करून पाण्यात घातलेले. त्यांची वाकडी चोच म्हणजे चाळणीच. शेवाळ आणि बारीक जीव त्यातून गाळून घ्यायचे. अंगावरचा गुलाबी रंगही या खाण्यातूनच येतो. पिल्ले राखाडी असतात.

लेन्समधून मात्र ते शेंगदाण्याएवढे दिसत होते, म्हणून मी चिखलात उतरलो. वीसेक पावले गेलो असेन. एकाने मान उंचावली, मग सगळ्यांनी, आणि थवाच उठला. पंखांतला लाल-काळा रंग आभाळभर झाला. मी हरखून बटण दाबत राहिलो. मागे शेळ्या राखणारे आजोबा म्हणाले, “जेवत्या ताटावरनं उठिवलंसा की सायेब त्यास्नी!”

रोल धुऊन आला. तीस फोटो हललेले, उरलेल्या सहांत सगळे पक्षी पाठमोरे!

रोहित चिखलाची घरटी बांधतात ती दूर कच्छच्या रणात. इकडे ते येतात चरायला. तळे आटले तर ते येत नाहीत. काठोकाठ भरले, तरी चरण्याजोगे उथळ पाणी उरत नाही. टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी या दुष्काळी भागात आले, याचा मला आनंदच आहे. थकलेल्या कर्जांच्या फायली मी पाहिल्या आहेत. पण तळ्याचा उतरता, उथळ काठ पाखरांसाठी मोकळा ठेवणे आपल्याला जड नाही. 2021 साली राज्य शासनाने मायणी परिसर पक्षी संवर्धन राखीव म्हणून जाहीर केला. कागदावरचे हे राखीवपण काठावर सांभाळायचे ते तुम्ही-आम्हीच.

आता माझ्याकडे मुलाने दिलेला डिजिटल कॅमेरा आहे. रोलची चिंता नाही, घाईही नाही. अंधारातच येऊन बाभळीआड बसतो. पाखरे चरत चरत आपणहून जवळ येतात. घरातल्या भिंतीवर त्यातला एकच फोटो लावला आहे. त्यात एकाही रोहिताचे तोंड दिसत नाही. सगळे जेवत आहेत.