पडण्याची विद्या

नव्वदच्या दशकात मधल्या सुट्टीची घंटा झाली की डबे उघडायच्या आधी दप्तरांतून पत्ते निघायचे. डब्ल्यूडब्ल्यूएफचे ट्रम्प कार्ड. वर पैलवानाचा फोटो आणि खाली रकाने : रँक, उंची, वजन, छाती, दंड, किती लढती खेळला, किती जिंकला. वजन पुकारलं गेलं की हातात योकोझुना असावा, उंची पुकारली गेली की जायंट गोन्झालेस. ओवेन हार्टचा पत्ता आला की तो कधी एकदा हातातून जातो असं व्हायचं. उंची पाच फूट दहा इंच, वजन शंभर किलोच्या जरासं वर. एकाही रकान्यात तो भारी नव्हता.

संध्याकाळी केबलवर मात्र हाच ओवेन दिसला की मी जागचा हलायचो नाही. माझे आजोबा खासबागेतली कुस्तीची मैदानं बघत म्हातारे झालेले. टीव्हीवरची कुस्ती त्यांना दोन मिनिटांत कळली. "नुरा आहे ही, आधीच ठरवलेली," म्हणाले आणि उठायला लागले. तेवढ्यात ओवेन पाठीवर आदळला. आजोबा थांबले. "पण हा पोरगा पडतो बघ कसा," एवढंच बोलले आणि पुन्हा बसले.

त्या वाक्याचा अर्थ कळायला मला बरीच वर्षं लागली. जुन्या लढती पुन्हा पाहिल्या, त्याच्याबद्दल मिळेल ते वाचलं, जगभरचे त्याचे चाहते काय आठवतात ते ऐकलं. निकाल आधीच ठरलेल्या या खेळात खरं काय उरतं, याचं उत्तर मला ओवेन हार्टपाशी सापडलं.

तळघरातली तालीम

ओवेनचा जन्म ७ मे १९६५ रोजी कॅनडातल्या कॅलगरी शहरात झाला. स्टू आणि हेलन हार्ट यांच्या बारा मुलांतलं हे शेंडेफळ. आठ मुलगे, चार मुली. मुलगे सगळे या ना त्या रूपात रिंगणात उतरले आणि चारही मुलींनी पैलवानांशीच लग्नं केली. वडिलांची 'स्टॅम्पीड रेसलिंग' ही कंपनी पश्चिम कॅनडात गावोगाव कुस्तीचे खेळ लावायची. घराच्या तळघरात एक खोली होती. लाकडी भिंती, बुटकं छत, जमिनीवर पातळ गाद्या. तिला सगळे 'डंजन' म्हणत, म्हणजे अंधारकोठडी. शिकायला आलेल्या नवख्याला स्टू स्वतः पकडीत घ्यायचे आणि खरी पकड काय असते ते अंगाला कळेपर्यंत सोडायचे नाहीत. तालमीतल्या वस्तादाची जरब ज्यांनी अनुभवली आहे त्यांना ही खोली परकी वाटणार नाही.

गंमत म्हणजे ओवेनला पैलवान व्हायचंच नव्हतं. कॅलगरी विद्यापीठात तो हौशी कुस्ती खेळायचा. पण विद्यापीठाने कुस्तीचा उपक्रमच बंद केला आणि तो घरच्या धंद्यात आला. १९८६ मध्ये तो स्टॅम्पीडमध्ये उतरला आणि १९८७ मध्ये 'प्रो रेसलिंग इलस्ट्रेटेड' या मासिकाने त्याला वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरवलं.

स्टॅम्पीडच्या या दिवसांत भारताशी जोडलेला एक धागाही आहे. ओवेनचे तिथले मोठे प्रतिस्पर्धी होते गामा सिंग आणि मक्खन सिंग. गामा सिंग हा मूळचा पंजाबी. महान गामा पैलवानावरून त्याने रिंगणातलं नाव घेतलं होतं आणि कॅलगरीत वर्षानुवर्षं तो खलनायक म्हणून गाजला. २०१७ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईचा, म्हणजे नाव बदललेल्या डब्ल्यूडब्ल्यूएफचा, विजेता झालेला जिंदर महल हा त्याचा पुतण्या. मक्खन सिंग हा खरं तर माइक शॉ नावाचा धिप्पाड अमेरिकन होता, पगडी बांधून उतरायचा. या अजस्र माणसाबरोबरच्या लढतींतून ओवेनने एक गोष्ट पक्की केली. समोरचा मोठा आहे हे प्रेक्षकाला पटवायचं काम लहान माणसाचं असतं.

पुढची वर्षं म्हणजे अनेक वस्तादांची शाळाच होती. जपानमध्ये १९८८ साली हिरोशी हासेला हरवून त्याने आयडब्ल्यूजीपी ज्युनियर हेवीवेट हा किताब घेतला. तो मिळवणारा तो पहिला बिगरजपानी पैलवान. मेक्सिकोत मुखवटा लावून खेळला आणि तिथल्या परंपरेप्रमाणे पैजेत एल कानेककडून तो मुखवटा हरलाही. जर्मनीतही तो खेळला. तळघरातली जमिनीवरची कुस्ती, जपानी वेग, मेक्सिकन झेप आणि युरोपातल्या पकडी असं सगळं एका अंगात मुरलं.

साडेतीन मिनिटं आणि बत्तीस मिनिटं

२० मार्च १९९४, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. ओवेन आता डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये, आणि ही त्या कंपनीची दहावी रेसलमेनिया. पहिलीच लढत सख्ख्या भावांची, ब्रेट विरुद्ध ओवेन. ब्रेट लोकांचा लाडका, ओवेन त्याच्या सावलीत कुढणारा धाकटा. हे दुःख दाखवायला त्याला फार अभिनय करावा लागला नसेल. बारा भावंडांत शेवटचा असणं काय असतं हे तो जगलाच होता.

वीस मिनिटांच्या या लढतीचा शेवट मी किती वेळा पाहिला असेल याची गणती नाही. ब्रेट उडी मारून ओवेनच्या खांद्यांवर बसतो. तिथून पुढे लोळण घेऊन त्याला चीत करायचा हा डाव. ओवेन मात्र लोळतच नाही. तो जागच्या जागी खाली बसतो, ब्रेटचे दोन्ही खांदे मॅटला टेकतात आणि ओवेन पाय धरून त्याला दाबून ठेवतो. एक, दोन, तीन. ताकदीचा प्रश्नच नाही, भावाचा डाव भावावर उलटला. त्याच रात्री शेवटी ब्रेट योकोझुनाला हरवून जगज्जेता होतो, बाकीचे पैलवान त्याला खांद्यावर घेतात आणि वाटेत उभा राहून ओवेन नुसता बघत राहतो. सुरुवातीला जिंकूनही शेवटी हरलेला माणूस त्या चेहऱ्यावर दिसतो.

त्याच वर्षी जूनमध्ये 'किंग ऑफ द रिंग' स्पर्धेत त्याची वन टू थ्री किड नावाच्या पैलवानाशी गाठ पडली. ही लढत जेमतेम साडेतीन मिनिटांची, पण तेवढ्यात दोघांनी असा काही वेग पकडला की जाणकार आजही तिचं नाव काढतात. त्या रात्री तो स्पर्धा जिंकून 'राजा' झाला. मग ऑगस्टमध्ये शिकागोला पोलादी पिंजऱ्यात पुन्हा ब्रेट. बत्तीस मिनिटं. पिंजऱ्यातल्या लढतीत रक्त सांडल्याशिवाय रंग भरत नाही असा तेव्हाचा समज होता. या भावांनी रक्ताचा थेंब न दाखवता प्रेक्षक खिळवून ठेवला. शेवटी ओवेनचा पाय पिंजऱ्यात अडकतो, तो उलटा लटकतो आणि ब्रेट खाली उतरून जिंकतो. एकाच उन्हाळ्यात साडेतीन मिनिटांची चकमक आणि बत्तीस मिनिटांचं नाट्य, दोन्ही तितक्याच हुकमी हाताने.

दुसऱ्याला मोठं करणारा

या धंद्याची एक बोली आहे. पडण्याला 'बंप' म्हणतात. लागल्याचं पटवून देण्याला 'सेलिंग' म्हणतात. खलनायक तो 'हील'. ओवेनची खरी कमाई या शब्दांत आहे. नोव्हेंबर १९९५ मध्ये त्याने शॉन मायकल्सच्या डोक्यामागे उडती लाथ मारली. मायकल्स काही वेळ खेळला आणि मग अचानक कोसळला. समालोचक गप्प झाले. ते कथानकच होतं, पण कितीतरी प्रेक्षकांना ते खरं वाटलं. ती लाथ विश्वास बसण्याजोगी नसती तर पुढचं सगळंच फसलं असतं.

कंपनी सांगेल ते काम त्याने चोख केलं. कोको बी. वेअरबरोबर भडक ढगळ पँट घालून तो नाचला. योकोझुना, मेहुणा डेव्ही बॉय स्मिथ आणि जेफ जॅरेट या तिघांबरोबर मिळून चार वेळा जोडीचा किताब घेतला. कंपनीच्या स्लॅमी पुरस्काराची सोनेरी बाहुली काखोटीला मारून मिरवत यायचा, तेव्हा त्याचा राग येता येता हसू फुटायचं. १९९७ मध्ये बर्लिनला युरोपियन किताबाच्या अंतिम फेरीत तो याच मेहुण्याशी लढला. त्यात शिव्याशाप नाहीत, खुर्च्या नाहीत, निव्वळ कुस्ती आहे. ज्याला ओवेन दाखवायचा असेल त्याला मी ही लढत आधी दाखवतो. आणि १९९८ मध्ये केन शॅमरॉकशी त्याची एक लढत चक्क वडिलांच्या त्या तळघरात झाली, त्याच बुटक्या छताखाली.

सर्वोच्च किताब मात्र त्याच्या कमरेला कधीच लागला नाही. त्याच्याशी लढून लोक मोठे झाले, तो पुढच्या आठवड्यात पुन्हा कामावर हजर. चाहते त्याला 'दुर्लक्षित' म्हणतात ते यासाठी.

एक डाग सांगितला पाहिजे. ३ ऑगस्ट १९९७ रोजी समरस्लॅममध्ये त्याच्या हातून स्टीव्ह ऑस्टिन डोक्यावर आपटला. मानेला जबर दुखापत झाली. काही क्षण ऑस्टिनच्या हातापायांतली संवेदना गेली, तरी ठरल्याप्रमाणे त्याने कशीबशी लढत संपवली. समोरच्याचं शरीर आपल्या हवाली असतं, हा या धंद्याचा पहिला नियम आहे. तो मोडला की काय होतं हे त्या रात्री जगाने पाहिलं. त्याच नोव्हेंबरात माँट्रियलमध्ये ब्रेटला फसवून हरवलं गेलं. ब्रेट कंपनी सोडून गेला, मेहुणेही गेले, करारात बांधलेला ओवेन एकटा राहिला.

पडद्यामागचा ओवेन सोबत्यांच्या आठवणींत आहे. आवाज बदलून हॉटेलच्या खोल्यांत फोन करायचा आणि बेमालूम फसवायचा. पार्ट्यांना मात्र फिरकायचा नाही. पैसे साठवायचे, लवकर निवृत्त व्हायचं आणि बायको मार्था व दोन मुलांजवळ घरी राहायचं, एवढं त्याचं गणित होतं.

२३ मे १९९९

कॅन्सस सिटीचं केम्पर अरीना. ओवेनला पुन्हा 'ब्लू ब्लेझर' हे जुनं सोंग दिलं होतं. निळा मुखवटा, पिसांची झूल, स्वतःला महावीर समजणारा वेंधळा. छतावरून दोराने खाली यायचं, रिंगणाच्या जरा वर अडकल्यासारखं करायचं आणि खटका ओढून तोंडावर पडायचं, असा विनोद ठरला होता. झटकन सुटता यावं म्हणून हलका खटका वापरला होता. तो वरच सुटला. ओवेन सुमारे ७८ फुटांवरून रिंगणात कोसळला. वय ३४. प्रेक्षागृहातल्या अनेकांना ते पडणं खेळाचाच भाग वाटलं. त्याला रुग्णालयात नेलं आणि कार्यक्रम पुढे चालू राहिला. घरी पैसे भरून पाहणाऱ्यांना समालोचक जिम रॉस यांनी मृत्यूची बातमी दिली, समोर बसलेल्या लोकांना मात्र कुणी सांगितलं नाही.

आमच्या गल्लीत उन्हाळ्याची सुट्टी चालू होती. बातमी उशिरा, तुकड्यातुकड्यांनी आली. आम्ही कट्ट्यावर बसून वाद घातला. नुराच असणार, तो परत येणार, असं मी ठासून सांगत होतो. आजोबा वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाले, "कुस्तीत नाही गेला तो. कुस्तीत तो पडून मेला नसता." या वाक्यात सगळं आलं. आयुष्यभर त्याने पडण्याची विद्या जोपासली. ज्या पडण्याने त्याला नेलं ते त्या विद्येतलं नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी सेंट लुईसला संपूर्ण कार्यक्रम त्याच्या नावाने झाला. मार्क हेन्रीने कविता वाचली. ज्याची मान त्याच्या हातून दुखावली होती तो ऑस्टिन शेवटी रिंगणात आला आणि त्याला सलाम करून गेला. मार्था मात्र न्यायालयात उभी राहिली. २००० मध्ये १.८ कोटी डॉलर्सवर तडजोड झाली. त्यातून तिने ओवेन हार्ट फाउंडेशन उभं केलं, गरजू मुलांना शिष्यवृत्त्या आणि कुटुंबांना घरासाठी मदत ते देतं. आपल्या नवऱ्याच्या नावाचा व्यापार तिने त्या कंपनीला करू दिला नाही, कंपनीच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव येऊ दिलं नाही. कित्येक चाहत्यांना हे सलतं. मला तिचा निर्धार पटतो. ज्यांच्या कार्यक्रमात माणूस गेला, त्यांच्याकडूनच त्याचा गौरव घेणं तिला मानवलं नाही.

सॅडलडोम

२०२२ पासून एईडब्ल्यू ही दुसरी कुस्ती कंपनी फाउंडेशनच्या सहकार्याने ओवेनच्या नावाची स्पर्धा भरवते. जुलै २०२४ मध्ये तिची अंतिम फेरी कॅलगरीच्या सॅडलडोममध्ये झाली. ब्रायन डॅनियलसन जिंकला. हा डॅनियलसनही अंगापिंडाने लहान, पत्त्यावरच्या रकान्यांत कधीच न बसणारा. विजेत्याचा सन्मान करायला मार्था रिंगणात आली होती.

ते पाहून मी त्याच सभागृहातली ६ जुलै १९९७ची रात्र पुन्हा लावली. पाच विरुद्ध पाच. हार्ट घराण्याचे मुलूख गाजवलेले गडी एका बाजूला, ऑस्टिन आणि त्याचे साथीदार दुसऱ्या बाजूला, म्हातारे स्टू आणि हेलन पहिल्या रांगेत. मधेच गुडघा दुखावल्याचं दाखवून ओवेनला आत नेतात. तो लंगडत परत येतो आणि घरच्या लोकांसमोर ऑस्टिनला मागून गुंडाळून त्याची पाठ टेकवतो. सभागृह फुटायचंच बाकी राहतं. मग हळूहळू सगळं हार्ट कुटुंब दोरांमधून वर येतं, भाऊ, बहिणी, नातवंडं, आई, वडील. रिंगणात पाय ठेवायला जागा उरत नाही.

त्या लढतीत ओवेन किती वेळा आपटला ते मी या वेळी मोजलं नाही. प्रत्येक वेळी समोरचा उंच दिसत होता, एवढं पुरेसं होतं. आजोबा असते तर टीव्हीच्या आणखी जवळ सरकून बसले असते.