माहितीची पाणपोई

उन्हाळा तापू लागला की आमच्या पेठांतून ठिकठिकाणी पाणपोया उभ्या राहतात. एक-दोन रांजण, त्यांवर ओले फडके, शेजारी पेला आणि पाणी देणारा एखादा म्हातारा माणूस, एवढाच त्यांचा थाट. पाणपोई घालणारा व्यापारी तिची जाहिरात करीत नाही व वाटसरूला त्याची जात वा ऐपतही विचारीत नाही. निदान आज विचारीत नाही. तहान लागलेल्यास पाणी कोठे आहे हे वाटेतच दिसावे, त्याला ते शोधीत फिरावे लागू नये, हे या साध्या धर्मकृत्याचे मर्म आहे. आज आमच्या शहरांत व तालुक्याच्या गावांत निराळ्याच एका तहानेने माणसे व्याकुळ आहेत, आणि तिच्यासाठी मात्र पाणपोई कोणी घातलेली नाही, इकडे आम्ही आमच्या वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

ही तहान माहितीची होय. संकटात सापडलेल्या मनुष्यासाठी कायद्याने व लोकांच्या दातृत्वाने पुष्कळ सोयी करून ठेविल्या आहेत. परंतु त्या आहेत हे ज्यांच्याकरिता केल्या त्यांनाच ठाऊक नसते. रुग्णालयांचेच उदाहरण घ्या. आमच्या राज्यातील जी मोठी रुग्णालये सार्वजनिक विश्वस्त निधीतून चालतात, त्यांनी आपल्या खाटांपैकी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व आणखी १० टक्के दुर्बळ घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेविल्या पाहिजेत, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केली. त्या खर्चासाठी रुग्णालयाने आपल्या एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निराळ्या निधीत टाकावयाची असते. प्राणसंकट असेल तर रुग्णास तत्काळ दाखल करून त्याचा जीव स्थिर होईपर्यंत उपचार करण्याचे बंधनही याच योजनेत आहे. असे असता मंगळसूत्र गहाण ठेवून रुग्णालयाचे देयक भागविणाऱ्या बायका आमच्या सराफ बांधवांस नव्या नाहीत. त्यांतील कितीजणींना या राखीव खाटांची वार्ता वेळेवर कोणी सांगितली असेल?

न्यायाची गोष्टही अशीच आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कोणतीही स्त्री, कोणतेही बालक, अनुसूचित जाती-जमातींचा इसम, अपंग, कारखान्यातील कामगार व कोठडीतील मनुष्य यांस सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. स्त्रीच्या बाबतीत तर तिची मिळकत किती हा प्रश्नही आड येत नाही. तालुक्याच्या न्यायालयात यासाठी समिती बसविलेली असते. दावा लोकअदालतीत मिटला तर भरलेले न्यायशुल्क परत मिळते व त्या निवाड्यावर पुढे अपील चालत नाही, म्हणजे भांडण खरोखरच संपते. मुलांनी टाकून दिलेल्या वृद्ध मातापित्यांस २००७ च्या कायद्यान्वये उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे साधा अर्ज करून पोटगी मागता येते, आणि समोरच्या पक्षास नोटीस बजावल्यापासून सामान्यतः ९० दिवसांत त्याचा निकाल लागावा अशी त्यात तरतूद आहे. तसेच दाखले, नोंदी व परवाने यांसाठी कचेरीत खेटे घालणाऱ्यांकरिता २०१५ साली महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा झाला. कोणती सेवा किती दिवसांत, किती शुल्कात व कोणत्या अधिकाऱ्याकडून मिळेल याचा फलक प्रत्येक कचेरीने लावला पाहिजे, अर्जाची पोच दिली पाहिजे, मुदत टळली तर ३० दिवसांच्या आत अपील करता येते, आणि विनाकारण दिरंगाई करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० पासून ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तरतुदी काही कमी नाहीत. त्यांचा पत्ता सांगणारा मनुष्य मात्र सापडत नाही.

हक्क कागदावर असणे आणि तो हाती येणे यांत केवढे अंतर असते, हे महाराष्ट्रास नव्याने सांगावयास नको. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला व सार्वजनिक पाणवठे, शाळा, कचेऱ्या अस्पृश्यांस मोकळ्या असल्याचे ठरले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने आपले चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात पडला, पाणी तळ्यात राहिले, आणि तहानलेले लोक काठापासून दूरच राहिले. १९२७ च्या मार्चमध्ये डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चालत गेले व ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावास प्रथम अर्थ आला. त्याच्याही कितीतरी आधी, १८६८ साली, जोतीराव फुले यांनी ठरावाची वाट न पाहता आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस मोकळा केला होता. महाडास आड आली ती लोकांची दुष्टबुद्धी होती. आज आड येते ते बहुतांशी अज्ञान व आमची बेफिकिरी आहे, म्हणून या दोन गोष्टी एका मापाने मोजाव्या असे आम्ही म्हणत नाही. परंतु तळे भरलेले असताना माणसाने तहानलेले परत जावे, ही स्थिती दोहींकडे सारखीच आहे.

अज्ञानाचे मोल कोणीतरी वसूल करतोच. कचेरीच्या दारात उभा असलेला दलाल हा त्या वसुलीचा कारकून होय. तो जे विकतो ते बहुधा फुकट मिळणारे असते: कोरा अर्ज, खोलीचा क्रमांक, कोणती कागदपत्रे जोडावी याची यादी. अलीकडे बहुतेक अर्ज संगणकावरून करावयाचे झाल्याने ज्यांस त्या यंत्राचा सराव आहे त्यांची सोय झाली, हे आम्ही आनंदाने कबूल करतो; तथापि ज्या विधवेच्या हाती यंत्र असूनही त्यावरील अक्षरे तिला भिववितात, तिच्यापुढे दलालाचे नवे दुकान उघडले आहे. या दुकानास टाळे लावावयाचे तर त्याच्या शेजारीच विनामूल्य दुकान मांडणे हा एक उपाय आहे, आणि ते मांडण्यास योग्य जागा प्रत्येक गावात पूर्वीपासून तयार आहे. ती जागा म्हणजे गावचे वाचनालय.

वाचनालय ही संस्था महाराष्ट्रास परकी राहिलेली नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे. पुण्यास १८४८ साली लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांच्या पुढाकाराने जे ग्रंथालय निघाले तेच आजचे नगर वाचन मंदिर. कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. या संस्था काढणाऱ्यांची दृष्टी ग्रंथांची कपाटे भरण्यापुरती नव्हती. लोकांनी एकत्र बसावे, राज्यकारभारात काय चालले आहे हे जाणावे व त्यावर बोलावे, हा त्यांचा हेतु होता. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती याच हेतूने. १८७० साली निघालेल्या सार्वजनिक सभेने १८७६-७७ च्या दुष्काळात खेडोपाडी माणसे पाठवून उपासमारीची माहिती गोळा केली व ती सरकारपुढे मांडली. नारायण मल्हार जोशी यांच्या मुंबईच्या सोशल सर्व्हिस लीगने १९११ पासून कामगारवस्तीत वाचनालये व रात्रशाळा चालविल्या, आणि त्यांच्याच बरोबरीने गरिबांस कायद्याचा सल्ला व औषधपाणीही पुरविले. वाचनाची खोली व मदतीची खोली या दोन निरनिराळ्या इमारती असाव्या असे त्या पिढीस वाटले नाही. पुढे १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या वाचनालयांस मान्यता व अनुदान मिळू लागले. म्हणजे घर आहे, दार आहे, दिवाबत्ती आहे. काम तेवढे अर्धे चालू आहे.

हे काम कसे चालावे याविषयी आमच्या सूचना अगदी साध्या आहेत. पहिली सूचना फलकाची. वृत्तपत्रांच्या टेबलाजवळ, जेथे पोरासोरांचीही नजर जाते तेथे, मोठ्या अक्षरांत एक फलक असावा. रुग्णवाहिकेसाठी १०८, तातडीच्या मदतीसाठी ११२, संकटातील बालकांसाठी १०९८, स्त्रियांसाठी १८१, वृद्धांसाठी १४५६७ व विनामूल्य कायदेशीर साहाय्यासाठी १५१०० हे क्रमांक त्यावर असावेत; खाली आपल्या तालुक्यातील कोणत्या कचेरीत कोणते काम होते हे लिहावे, आणि मजकूर केव्हा तपासला त्याची तारीख घालावी. जुना, चुकीचा फलक हा नसलेल्या फलकाहून वाईट असतो. दुसरी सूचना टेबलाची. आठवड्यातून दोन सायंकाळी एखादा निवृत्त शिक्षक, अव्वल कारकून अथवा वकील तेथे बसावा व येणाऱ्यास अर्ज कोणता, तो कोठे द्यावयाचा, सोबत काय जोडावयाचे व पोच कशी मागावयाची एवढे सांगावे. तिसरी सूचना पंचांगाची. रक्तदान व नेत्रतपासणीची शिबिरे, लोकअदालतीचे दिवस, शिष्यवृत्त्यांच्या मुदती, व्याख्याने व प्रदर्शने यांची महिनेवारी नोंद एका ठिकाणी लागावी. कारण आज एका पेठेतील शिबिराची खबर दुसऱ्या पेठेस ते आटोपल्यावर लागते. चौथी सूचना उत्सवांची. व्याख्यानमालेतील एक दिवस व गणेशोत्सवातील एक सायंकाळ या कामी द्यावी. संबंधित अधिकाऱ्यास बोलवावे, हारतुरे आटोपते घ्यावे आणि लोकांस प्रश्न विचारू द्यावे. मांडवात हजार माणूस आयता जमलेला असतो; त्यास रोषणाईबरोबर रुग्णालयाच्या राखीव खाटांची गोष्टही ऐकावयास मिळाली तर गणराय रुष्ट होतील असे आम्हांस वाटत नाही.

यावर दोन-तीन आक्षेप येतील ते आम्ही जाणतो. कोणी म्हणेल, हे सरकारचे काम आहे. खरे आहे, आणि सरकारने ते करावे म्हणून तगादा लावण्यासही आधी काय मिळावयास हवे हे लोकांस ठाऊक असावे लागते. कोणी म्हणेल, वाचनालय ग्रंथांसाठी आहे, तेथे अर्जांचा बाजार कशाला? आमचे उत्तर असे की, अर्जासाठी आलेल्या दहांपैकी दोघे जरी पुस्तक घेऊन गेले तरी वाचनालयाचा लाभच आहे. ओस पडणाऱ्या खोल्यांस गर्दीचे भय नसावे. तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. मदत करणाराच उद्या दलाल होईल! त्यासाठी नियम कडक हवेत. टेबलावर बसणाऱ्याने पैसा, भेट अथवा मत यांपैकी काहीही मागू नये, कोणाची मूळ कागदपत्रे आपल्याजवळ ठेवू नयेत, आणि ऐकलेले दुःख चव्हाट्यावर मांडू नये. कोणत्याही पक्षाचा झेंडा वा उमेदवाराचे चित्र त्या खोलीत लागू नये. हे पाळवत नसेल तर टेबल न मांडलेलेच बरे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. वाचनालयाचे दार कायद्याने सर्वांस मोकळे आहे. पण आत बसलेले कोण असतात हे पाहावे. बहुधा पेन्शनर गृहस्थ व परीक्षार्थी तरुण. मोलकरीण, हमाल, भाजीवाली, सफाई कामगार यांस त्या उंबरठ्याआत आपले काही काम असेल असे वाटतच नाही, आणि तसे वाटू नये अशी आमची वागणूकही असते. म्हणून टेबलाची वेळ मजुरीच्या वेळेनंतरची हवी, आठवड्यातील एक सायंकाळ स्त्रियांसाठी व टेबलावरही एखादी स्त्री हवी, आणि वर्गणीदार आहात काय हा प्रश्न तेथे कोणास विचारू नये. पुण्याच्या सेवासदनात १९०९ पासून रमाबाई रानडे यांनी बायकांस शिकविले, परिचारिका बनविले, ते घरातील बाईस बाहेर बसावयास मानाची जागा मिळवून देऊनच. जी जागा आमच्या आयाबहिणींस परकी वाटते तिला सार्वजनिक म्हणणे शोभत नाही.

शेवटी आमच्या व्यापारी वाचकांस दोन शब्द. दुकानातील नोकर एका दाखल्यासाठी तीन दिवस कचेरीत घालवितो तेव्हा तोटा तुमचाही होतो, व तो सावकाराच्या कर्जात बुडाला म्हणजे त्याचे चित्त तुमच्या तराजूवर राहत नाही, हा हिशेब तुम्हांस आम्ही शिकवावा असे नाही. एक फलक, एक टेबल, दोन खुर्च्या व एक नोंदवही यांस लागणारा खर्च दिवाळीच्या एका दिवसाच्या आतषबाजीहून अधिक नाही. प्रत्येक पेठेच्या व्यापारी मंडळाने आपल्या गावच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळास या महिन्यात एक पत्र लिहावे, खर्चाची हमी द्यावी, आणि वर्षाच्या अखेरीस किती लोक आले व कितींची कामे झाली याचा ताळेबंद मागावा. वहीत जमेच्या बाजूला एखाद्या म्हाताऱ्याची पोटगी व एखाद्या मुलाची शिष्यवृत्ती लिहिली गेली, तर त्या वर्षाचा धंदा बुडीत गेला असे कोणी म्हणणार नाही. पाणपोईचे पुण्य तुमच्या वाडवडिलांनी जोडले आहे. रांजण आता फक्त वाचनालयाच्या दाराशी नेऊन ठेवावयाचा आहे.