जिभेची तलवारबाजी
१९९० साली आलेला 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' हा कॉम्प्युटर गेम आम्ही मुलांबरोबर खेळायला बसलो. समुद्री चाचा व्हायला निघालेला भोळसट गायब्रश थ्रीपवुड हा त्याचा नायक. इथली तलवारबाजी जिंकायची ती मनगटाने नव्हे, जिभेने! टोमण्याला चपखल उत्तर द्यायचं. ठाऊक नसेल तर हरायचं, आणि हरता हरताच नवे टोमणे, नवी उत्तरं शिकायची. शेवटी उस्ताद कार्ला टोमणेच बदलते. मग जुनीच उत्तरं नव्याने जुळवायची.

मुलं इंग्रजी टोमणे भराभर वाचत होती, आम्ही ऐटीत त्यांचं मराठी करत होतो. एका टोमण्यापाशी मात्र आमचीच गाडी अडली. धाकटी टाळ्या पिटत म्हणाली, "आई-बाबा, हरलात! आता शिका."