कॉव्हेंट्रीचा खिळ्यांचा क्रूस

१४ नोव्हेंबर १९४० च्या चांदण्या रात्री इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरावर जर्मन विमानांनी सुमारे अकरा तास बाँबवर्षाव केला. मोटारी, विमानांची इंजिने आणि युद्धसाहित्य तयार करणारे हे कारखान्यांचे गाव. शत्रूने त्यावर नेम धरावा, यात युद्धाच्या हिशेबाने नवल काहीच नव्हते. परंतु कारखान्यांबरोबर गावाचा मध्यभागही जळाला, साडेपाचशेहून अधिक माणसे प्राणास मुकली आणि मध्ययुगात बांधलेले सेंट मायकेलचे कॅथीड्रल भस्मसात झाले. या कॅथीड्रलचे प्रमुख धर्मोपदेशक रिचर्ड हॉवर्ड हे आणखी तिघांसह त्या रात्री छपरावर पहारा करीत होते. पहिले काही आगबाँब त्यांनी विझवले. पुढे पाणीही संपले. सकाळ झाली तेव्हा बाहेरच्या भिंती आणि उंच मनोरा एवढेच काय ते शिल्लक होते.

छपराच्या दोन जळक्या तुळया एकमेकींवर क्रुसासारख्या पडल्या होत्या. कॅथीड्रलच्या गवंड्याने त्या बांधून उभ्या केल्या आणि ढिगाऱ्यातील दगडांची एक वेदी रचली. छपराला जोडकाम करणारे जुने हातघडणीचे लोखंडी खिळे राखेत जिकडे तिकडे विखुरले होते. त्यांतील तीन खिळे तारेने बांधून एका धर्मोपदेशकाने लहानसा क्रूस बनवला. हाच तो खिळ्यांचा क्रूस. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी त्या उघड्या भिंतींमधून हॉवर्ड यांचे भाषण नभोवाणीने साऱ्या ब्रिटिश साम्राज्यात पोहोचवले. कितीही अवघड वाटले, तरी सूडाचा विचार मनातून काढून टाकण्याचा प्रयत्न आपण करीत आहोत, असा त्या भाषणाचा आशय होता. बाँब अजून पडत होते, मृतांची आठवण ताजी होती. तेव्हा ही भाषा सर्वांना रुचली असेल असे मानण्याचे कारण नाही. गावातल्या पुष्कळांना ती रुचली नाहीच.

पुढे १९४८ साली त्या वेदीमागील भिंतीवर दोनच शब्द कोरण्यात आले. मराठीत त्यांचा अर्थ ‘बापा, क्षमा कर’ एवढाच होतो. ख्रिस्ती माणसाला हे शब्द ओळखीचे आहेत, आणि ते अपुरे आहेत हेही त्याच्या चटकन ध्यानात येते. लूकच्या शुभवर्तमानात क्रुसावर खिळलेला येशू आपल्याला मारणाऱ्यांसाठी पित्याजवळ क्षमा मागतो. तेथे ‘त्यांना’ असा स्पष्ट निर्देश आहे. कॉव्हेंट्रीच्या भिंतीवर तो शब्द नाही. हा लेखनदोष नव्हता. सर्वच माणसे पापी आहेत, या संत पौलाच्या शिकवणीला अनुसरून हॉवर्ड यांनी तो जाणूनबुजून गाळला होता.

एका शब्दाने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. ‘त्यांना क्षमा कर’ असे म्हणणारा उंचावर उभा असतो. त्याचा हात देण्यासाठी पुढे आलेला असतो, आणि घेणाऱ्याला त्या हाताचा भारही वाटू शकतो. कर्म गळाले की म्हणणारा आपोआप अपराध्याच्या रांगेत येऊन उभा राहतो. क्षमा देण्याच्या वाक्याचे क्षमा मागण्याचे वाक्य होते.

यामागे ख्रिस्ती धर्मविचारातील एक महत्त्वाचा भेद आहे. क्षमा आणि समेट या तेथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्षमा एकट्याने करता येते. ज्याला ती केली त्याला तिचा पत्ताही नसेल. समेटाला मात्र दोघे लागतात, आणि तो बोलून भागत नाही. येशूच्या एका उपदेशात असे सांगितले आहे की, वेदीपाशी अर्पण आणल्यावर जर भावाच्या मनात आपल्याविषयी काही सल आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी भावाशी समेट करावा आणि मग परत यावे. देवाकडे जाणारी वाट अशी शेजाऱ्याच्या दारावरून जाते. जक्कय नावाच्या जकातदाराची गोष्ट याहून रोखठोक आहे. त्याने नुसते अश्रू ढाळले नाहीत. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्याला नाडले असेल त्याला चौपट परत करण्याचे कबूल केले. सरकारी वसुली करणाऱ्याचा पश्चात्ताप असा आकड्यांतच मोजला जावा, हे योग्यच म्हटले पाहिजे.

तथापि ‘सर्वच अपराधी’ या म्हणण्यात एक धोका आहे. सगळेच दोषी ठरले की कोणीच दोषी उरत नाही. ज्याने आग लावली आणि ज्याचे घर जळाले, ते एका मापाने मोजले जातात. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला भावनेने उत्तर देता येत नाही. उत्तर मिळाले ते पलीकडच्या बाजूने. लोथार क्रायसिग हे जर्मन न्यायाधीश. मनोरुग्णांना ठार मारण्याच्या नाझी योजनेला त्यांनी पदावर असताना विरोध केला होता. १९५८ साली त्यांनी आपल्या देशबांधवांना आवाहन केले. युद्ध आम्हीच सुरू केले, लाखो ज्यूंना आम्हीच मारले, असे त्यात साफ लिहिले होते. ज्यांना आपण छळले त्या राष्ट्रांकडे त्यांनी एवढेच मागितले की, तुमच्या भूमीवर आमच्या हातांनी काही चांगले काम करण्याची परवानगी द्या. त्या चळवळीच्या नावाचा अर्थच ‘प्रायश्चित्ताची खूण’ असा आहे. म्हणजे ‘त्यांना’ हा शब्द गाळण्याचा अधिकार ज्याला जखम झाली त्याचा. जखम करणाऱ्याने ‘आम्हाला’ हा शब्द गाळून चालत नाही. तो त्याने मोठ्याने उच्चारावा लागतो.

१९६१ साली या चळवळीतील जर्मन तरुण कॉव्हेंट्रीत आले आणि जळालेल्या कॅथीड्रलच्या काही खोल्या त्यांनी स्वतः राबून पुन्हा उभ्या केल्या. १९६५ साली इंग्रज तरुण ड्रेस्डेनला गेले आणि तेथील बाँबने उद्ध्वस्त झालेल्या एका ख्रिस्ती रुग्णालयाच्या उभारणीत त्यांनी हात लावला. ड्रेस्डेनवर १३ फेब्रुवारी १९४५ पासून ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांनी केलेल्या हल्ल्यांत सुमारे पंचवीस हजार माणसे मेली होती. हा आकडा समोर ठेवला म्हणजे भिंतीवर न कोरलेल्या त्या शब्दाची जागा रिकामी का ठेवली, हे उमजते. कोरणाऱ्यांच्या विमानांनीही शहरे जाळली होती.

ड्रेस्डेनचे फ्राउएनकिर्खे हे प्रार्थनामंदिर त्या आगीनंतर कोसळले आणि चार दशकांहून अधिक काळ ढिगारा म्हणूनच राहिले. ते पुन्हा बांधले गेले तेव्हा घुमटावरचा सोनेरी क्रूस लंडनमध्ये घडवण्यात आला. घडवणाऱ्या कारागिराचे वडील ड्रेस्डेनवर बाँब टाकणाऱ्या विमानांपैकी एकात वैमानिक होते. ३० ऑक्टोबर २००५ रोजी त्या मंदिराचे पुन्हा समर्पण झाले. साठ वर्षे लागली. समेटाच्या कामात हा काळ फार मोठा म्हणता येणार नाही.

कॉव्हेंट्रीत जुन्या अवशेषांना लागूनच १९६२ साली नवे कॅथीड्रल उभे राहिले. जुने मात्र दुरुस्त केले नाही; त्यावर आजही छप्पर नाही. द्वेष, लोभ, मत्सर, दुसऱ्याच्या दुःखाविषयीची बेपर्वाई अशा पापांची एकेक नावे घेऊन प्रत्येकापुढे ते दोन शब्द म्हणण्याची एक प्रार्थना तेथे १९५८ पासून चालत आली आहे. शुक्रवारी दुपारी बारा वाजता ती होते. ‘त्यांना’ हा शब्द तीतही नाही. आणि ड्रेस्डेनच्या घुमटावर पूर्वी जो क्रूस होता, तो १९९३ साली ढिगारा उपसताना वाकलेल्या, जळलेल्या स्थितीत सापडला. तो सरळ न करता तसाच मंदिरात ठेवला आहे.