पुढच्या चाकाला डिस्क बसवण्याआधी

धावड्याहून भोकरदनला रोजची ये-जा शंभर सीसीच्या गाडीवरच. मागे खताची गोणी किंवा दोन माणसं, अन् पुढच्या चाकाला साधा ड्रम ब्रेक. मग कुणीतरी सुचवतं, 'डिस्क बसवून घे.'

इच्छा योग्यच आहे. ब्रेक दाबताच वजन पुढे सरकतं, म्हणून गाडी थांबवण्याचं मुख्य काम पुढचं चाकच करतं. पण डिस्क म्हणजे नुसती चकती नव्हे. चकती पकडणारा कॅलिपर, तो धरणारा फोर्क, वेगळा हब, मास्टर सिलिंडर आणि होज, हे सगळं त्याच मॉडेलच्या डिस्कवाल्या गाडीचं लागतं. फोर्कला वेल्डिंग करून कॅलिपर अडकवणं जीवघेणं आहे. ते कुणीही करू नये. शिवाय 2019च्या एप्रिलपासून 125 सीसीपर्यंतच्या ड्रम ब्रेकच्या नव्या गाड्यांना मागचं पेडल दाबलं की पुढचाही ब्रेक लागणारी जोडरचना सक्तीची झाली. बदल करताना ती तुटते. मोटार वाहन कायद्याचं कलम 52ही अशा फेरफारांवर बंधन घालतं.

म्हणून आधी आहे तो ड्रम नीट करा. चाक काढून लायनर पाहा. ते तुळतुळीत झाले असतील किंवा ग्रीस लागलं असेल, तर कंपनीचे नवे घाला. धूळ फुंकू नका, ओल्या फडक्यानं पुसा. कॅमला अगदी थोडं ग्रीस, नवी केबल, आणि पुढचा टायर गुळगुळीत असेल तर तोही बदला. एवढ्यानं बऱ्याच गाड्यांचा ब्रेक सुधारतो.

नवी गाडी घेणार असाल तर मात्र डिस्कचंच मॉडेल घ्या.