आड भरलेला, पोहरा रिकामा

‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’ ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेली आहे. गेल्या वर्षी आमच्या घरी मात्र नेमके याच्या उलट घडले. आड काठोकाठ भरलेला आणि पोहरा मात्र रिकामाच वर येत असे. ही हकीकत पाण्याची नव्हे. वीज आणि नळ यांच्या बरोबरीने आता घराघरांत येऊन बसलेल्या इंटरनेटची ही हकीकत आहे.

आमचे घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले, आजोबांच्या वेळचे. पुढे ओसरी, मध्ये चौक, त्यापलीकडे माजघर आणि स्वयंपाकघर. भिंती दगडी, दीड-दोन फूट जाडीच्या. फायबरची तार आली तेव्हा जोडणी करणाऱ्या गृहस्थांना जेथे सोयीचे वाटले तेथे, म्हणजे ओसरीच्या दाराशेजारी, लोखंडी कपाटाच्या आड असलेल्या खालच्या कोनाड्यात त्यांनी राउटरची पेटी ठेवली. पेटी डोळ्यांआड गेली याचा आम्हांस त्या वेळी आनंदच झाला.

माझी आई त्र्याऐंशी वर्षांची. पडल्याचे निमित्त झाल्यापासून तिचा मुक्काम माजघरात. दर रविवारी सायंकाळी सहा वाजता पुण्याहून ताईचा व्हिडिओ कॉल येतो. त्या अर्ध्या तासासाठी आई दुपारपासून केस विंचरून बसलेली असते. परंतु हळूहळू त्या बोलण्याची रया गेली. चित्र गोठे, शब्द अर्धे तुटत. ताईने विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिला दुसऱ्या प्रश्नानंतर ऐकू जाई. एके रात्री तिने मला वेगळा फोन केला आणि दबक्या आवाजात विचारले, “आईला हल्ली विचारलेलं समजत नाही का रे? एकदा डॉक्टरांना दाखव.” इकडे आईने आपलाच निराळा निष्कर्ष काढला होता. “माझे कान गेले बाबा. तुम्हीच बोला,” असे म्हणून ती फोन माझ्या हाती देऊ लागली होती. वस्तुतः दोघींनाही काही झालेले नव्हते. दोष होता तो ओसरी आणि माजघर यांच्यामधल्या तीस-पस्तीस फुटांचा.

आम्ही मात्र आधी तो दोष बाहेरच शोधला. चाळीस मेगाबिटची योजना शंभराची केली, पुढे दोनशेची केली. दर महिन्याचे भाडे वाढले, माजघरात फरक शून्य. अखेर माझा एक जुना विद्यार्थी, जो आता हेच काम करतो, सहज घरी आला असता त्याने पेटी पाहिली आणि हसून म्हणाला, “सर, टाकी भरलेली आहे, नळाला पाणी नाही. टाकी आणखी मोठी करून काय होणार?”

आधी मोजणी, मग खरेदी

त्याने प्रथम लॅपटॉप तारेने थेट पेटीला जोडून वेग मोजला. एकशे नव्वदच्या वर आकडा आला. म्हणजे कंपनीचे देणे चोख होते. मग हाती फोन घेऊन, दारे नेहमीप्रमाणे ठेवून, प्रत्येक खोलीत मोजणी केली व आकडे कागदावर लिहिले. ओसरीत दीडशे, चौकात चाळीस आणि आईच्या पलंगापाशी अवघे दोन. तो कागद पाहताच कोणास काही समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

ही मोजणी वाचकांपैकी कोणासही करता येईल. तारेने जोडूनही वेग कमी भरला तर तक्रार कंपनीकडे करावी. तारेवर वेग पुरा आणि खोलीत अपुरा असेल, तर उपाय घरातच करावयास हवा. आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. चित्रपट स्वच्छ दिसण्यास दोनशे मेगाबिट लागत नाहीत. चांगल्या प्रतीच्या चित्रास सुमारे पाच मेगाबिट पुरतात, अतिसूक्ष्म अशा ‘फोर के’ चित्रास पंधरा ते पंचवीस. दोन दूरचित्रवाणी संच आणि तीन-चार फोन असलेल्या घरास शंभर मेगाबिट सहसा पुरून उरतात, मात्र ते त्या त्या खोलीपर्यंत पोहोचले पाहिजेत.

येथे एक शंका येईल, आम्हांसही आली होती. त्याच माजघरात आई मोबाइलवर जुनी संगीत नाटके पाहत असे, ती फारशी अडत नसत. मग बोलणेच का तुटावे? याचे उत्तर आपल्या जुन्या रांजणात आहे. चित्रपट किंवा नाटक दाखविणारी यंत्रणा पुढील काही सेकंदांचा साठा आधीच करून ठेवते. पाणी मध्येच बारीक झाले तरी रांजणातले पुरते. फारच बारीक झाले तर ती चित्राचा दर्जा गुपचूप उतरविते आणि आपल्याला ते चटकन उमगतही नाही. परंतु समोरासमोरच्या बोलण्याचा साठा कसा करणार? जो शब्द अजून उच्चारलेलाच नाही तो रांजणात भरता येत नाही. शिवाय बोलण्यात आपले चित्र बाहेरही पाठवावे लागते. त्याच वेळी घरातील कोणाचा फोन शेकडो छायाचित्रे वर चढवीत असेल, तर तीही वाट अडते. म्हणून ज्या घरात चित्रपट चालतो तेथे सर्व ठीक आहे असे समजू नये. बोलणे ही खरी कसोटी.

दगडापुढे लहरीचे काय चालते?

वाय-फाय म्हणजे रेडिओलहरीच. आपल्या घरातील पेट्या बहुधा दोन प्रकारच्या लहरी सोडतात, २.४ गिगाहर्ट्झच्या आणि ५ गिगाहर्ट्झच्या. पहिलीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, दुसरीची त्याच्या निम्म्याहून थोडी कमी. पहिली भिंतीतून त्या मानाने बरी पार होते, पण तिचा वेग कमी आणि तिच्या रस्त्यावर गर्दी फार. शेजाऱ्यांच्या पेट्या, ब्लूटूथची खेळणी, एवढेच नव्हे तर स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्यात वावरते. दुसरी लहर वेगवान व मोकळी, पण भिंतीपुढे लवकर हात टेकते.

उघड्या मैदानातसुद्धा अंतर दुप्पट झाले की लहरीचे बळ चौथाईवर येते. त्यात भिंत आली म्हणजे प्रत्येक भिंत आपला कर वसूल करते. लाकडी फळी थोडा, वीट त्याहून अधिक, जाड दगड आणि सळयांचे काँक्रीट फार मोठा. लोखंडी कपाट व मोठा आरसा लहर परतवून लावतात. पाण्याची टाकी किंवा माशांची पेटी ती पिऊन टाकते. भिंत तिरकी ओलांडावी लागली तर दोन फुटांची भिंत लहरीला तीन फुटांची पडते. आमच्या घरी कपाट, तिरकी वाट आणि दगडाच्या दोन भिंती हे तिन्ही योग जुळून आले होते.

ज्यांनी १९८७ साली रविवारी सकाळी ‘रामायण’ पाहण्यासाठी गच्चीवर चढून अँटेना फिरविला आहे आणि खालून “आता दिसतंय! नाही, गेलं!” अशा आरोळ्या ऐकल्या आहेत, त्यांना हे काही नवे नाही. तेव्हा अँटेना कोठे आणि कसा उभा करावा याचा घरात प्रत्येकजण विचार करी. आता अँटेना पेटीच्या पोटात गेला आणि आपण तो विचारच सोडून दिला.

जागा, वाट आणि तार

तेव्हा पहिला उपाय बिनखर्चाचा. पेटी घराच्या शक्य तितक्या मध्यभागी, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर व उघड्यावर असावी. फडताळात, दूरचित्रवाणीच्या मागे किंवा जमिनीवर नको. दांड्या असतील तर त्या उभ्या ठेवाव्यात, कारण लहर दांडीच्या टोकाकडून नव्हे, तिच्या चहूबाजूंनी आडवी पसरते. फायबरच्या तारेत मात्र केसासारखा काचेचा बारीक तंतू असतो. ती स्वतः ओढू अगर तीव्र कोनात वाकवू नये, माहितगारालाच बोलवावे.

दुसरा उपाय वाट बदलण्याचा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकींत न मिसळणाऱ्या वाटा तीनच आहेत: क्रमांक १, ६ व ११. दाट वस्तीत शेजारपाजारच्या पेट्या कोणत्या क्रमांकावर आहेत हे फोनवरील साध्या साधनाने दिसते. त्यांतील कमी गर्दीचा क्रमांक निवडावा. पेटीजवळच्या खोल्यांत ५ गिगाहर्ट्झचा उपयोग करावा.

तिसरा उपाय तारेचा, आणि माझ्या अनुभवाने तोच सर्वांत भरवशाचा. जी वस्तू जागची हलत नाही तिला हवेतून पाजण्याचे कारण नाही. दूरचित्रवाणी संच तारेने जोडला की हवेतली तेवढी गर्दी कमी होते आणि इतरांनाही मोकळीक मिळते.

बाजारात लहर पुढे ढकलणाऱ्या छोट्या पेट्या मिळतात. त्यांतील स्वस्त पेटी एकाच तोंडाने ऐकते आणि त्याच तोंडाने बोलते, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. शिवाय मुळात जेथे लहर मेलेली आहे तेथे ती ठेवून उपयोग नाही, कारण ती मेलेलीच लहर पुढे देणार. ती ठेवावयाचीच तर मध्यावर, जेथे लहर अजून जोमात आहे तेथे ठेवावी. आमच्या घरी दगड फोडण्याचाही प्रश्न आला नाही. ओसरीपासून माजघरापर्यंत जुन्या झरोक्यांतून, विजेच्या तारांपासून दूर ठेवून, सुमारे बावीस मीटरची नेटवर्कची तार नेली. अशी तार शंभर मीटरपर्यंत निर्धास्त चालते. माजघराच्या दारावर दुसरी पेटी बसविली, तिला तेच नाव व तोच सांकेतिक शब्द दिला. यंत्रांना पत्ते वाटण्याचे काम मात्र पहिल्याच पेटीकडे ठेवले. ते दोघींनी करू लागल्यास गोंधळ होतो. कपाट सरकविले आणि ओसरीतली पेटी फळीवर चढली. मग दोनशेची योजना पुन्हा शंभरावर आणली. आता आईच्या पलंगापाशी पंच्याऐंशीच्या आसपास आकडा येतो.

पुढच्या रविवारी सहाला ताईचा फोन आला. नेहमीच्या सवयीने ती एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने बोलू लागली. आईने दोन वाक्ये ऐकून घेतली आणि म्हणाली, “अगं, ओरडतेस कशाला? मी काही बहिरी नाही.”

पलीकडे ताई क्षणभर गप्प झाली. या वेळी ती शांतता तारेची नव्हती. मग दोघी अर्धा तास लोणच्याच्या फोडणीवर वाद घालीत बसल्या, आणि फोन माझ्या हाती काही परत आला नाही.