बागेंतील कोई-तळें

बंगल्यापुढें थोडी मोकळी जागा असली कीं तेथें एखादें लहानसें तळें असावें, त्यांत दोनचार कमळें डोलावींत आणि तांबडेपांढरे मासे फिरावेत, असें कोणाहि रसिक गृहस्थास वाटणें स्वाभाविक आहे. मग गवंडी बोलावला जातो, दोन फूट खड्डा खणला जातो, कांठावर दगड रचले जातात, बाजारांतून डझनभर मासे येतात. आणि महिना उलटण्यापूर्वींच एका सकाळीं घरांतील मुलाला ते पोट वर करून तरंगतांना दिसतात. दोष माशांना दिला जातो, विकणाऱ्याला दिला जातो, क्वचित् कोणाच्या दृष्टीलाहि दिला जातो. वस्तुतः चूक झालेली असते ती आरंभींच. घरधन्यानें माशांसाठीं जागा बांधलेली असते. पाणी शुद्ध राहावें यासाठीं मात्र कांहींच बांधलेलें नसतें.

कोई हा शब्द जपानी असून त्याचा अर्थ कार्प मासा एवढाच आहे. महाराष्ट्राच्या बाजारांत मिळणारे रोहू आणि कटला हे त्याच कुळांतले. रंगीत जातीला जपानांत निशिकिगोई म्हणतात. निशिकि म्हणजे नक्षीदार भरजरी वस्त्र. तेव्हां ‘किनखापी मासा’ हें नांव त्याला शोभून दिसेल. होन्शू बेटावरील निईगाता प्रांताच्या डोंगराळ भागांत, यामाकोशी आणि ओजिया यांच्या परिसरांत, भातशेती करणारे लोक शेताला पाणी पुरविणाऱ्या तळ्यांतून कार्प पाळीत. हिंवाळ्यांत बर्फानें वाटा बंद झाल्या म्हणजे तेवढाच त्यांना अन्नाचा आधार असे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत यांपैकीं कांहीं माशांच्या अंगावर तांबडा व पांढरा रंग उमटलेला दिसला. शेतकऱ्यांनीं ते खाण्याकडे न लावतां वेगळे राखले आणि पिढ्यान् पिढ्या निवड करीत त्यांच्या जाती सिद्ध केल्या. १९१४ सालीं टोकियोच्या तैशो प्रदर्शनांत ते मांडले गेले, तेव्हां डोंगरांतला हा छंद साऱ्या जपानला माहीत झाला. २३ ऑक्टोबर २००४ रोजीं त्याच भागांत मोठा भूकंप झाला. कित्येक तळीं फुटलीं, आणि यामाकोशीच्या सुमारें २,००० रहिवाशांना हेलिकॉप्टरमधून बाहेर काढावें लागलें. पुढें वांचलेल्या माशांपैकींहि कांहींना त्याच मार्गानें खालीं आणण्यांत आलें.

हा इतिहास सांगण्याचें कारण असें कीं, कोई हा कांचेच्या भांड्यांत ठेवण्याचा मासा नव्हे. विकत घेतांना तो बोटाएवढा असला तरी तीनचार वर्षांत दीड-दोन फूट लांब होतो, आणि नीट निगा राखल्यास वीसपंचवीस वर्षें सहज जगतो. म्हणजे घरांत जन्मलेल्या मुलाबरोबर तो वाढावयाचा असतो. तळ्याची आंखणी करावयाची ती आजच्या माशाच्या मापानें नव्हे, तर पांच वर्षांनंतरच्या माशाच्या मापानें.

प्रथम खोली. साडेचार-पांच फुटांहून उथळ तळें कोईला उपयोगी नाहीं. जपानांत हिंवाळ्याच्या थंडीसाठीं खोली लागते, तर दख्खनच्या पठारावर ती उन्हाळ्यासाठीं लागते. दोन फुटांचें पाणी वैशाखाच्या दुपारीं आंघोळीच्या पाण्यासारखें तापतें, आणि पाणी जसजसें तापतें तसतसा त्यांत विरघळणारा प्राणवायु कमी होतो. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु राहूं शकतो. ३० अंशांवर तो साडेसातांवर येतो. उलट उष्ण पाण्यांत माशाला प्राणवायु अधिक लागतो. खोल पाणी सावकाश तापतें आणि सावकाश निवतें, हाच त्याचा गुण. शिवाय धीवर पक्षी आणि बगळे यांपासूनहि तेथें माशाला आसरा मिळतो.

आतां एक उदाहरण घेऊन हिशेब केलेला बरा. १२ फूट लांब, ८ फूट रुंद आणि ५ फूट खोल अशा तळ्यांत ४८० घनफूट, म्हणजे सुमारें १३,५०० लिटर पाणी मावतें. एका पूर्ण वाढलेल्या कोईस निदान १,००० लिटर पाणी असावें, असें धरलें तर या तळ्यांत फार तर तेरा मासे राहूं शकतील. शहाणा मनुष्य आठांवर थांबेल. या पाण्याचें वजन साडेतेरा टन भरतें, हेंहि विसरूं नये. जुन्या घराच्या पायाला लागून किंवा गच्चीवर असें तळें बांधण्याचा विचार मनांतहि आणूं नये.

जागा निवडतांना सकाळचें ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी निवडावी. परंतु सावली झाडाची नसेल तर अधिक बरें, कारण पडलेलीं पानें कुजून पाणी बिघडवितात. कांठ जमिनीपासून दीड फूट उंच घ्यावा. पावसाळ्यांत बागेंतली माती, खत आणि कीटकनाशक औषधें वाहून तळ्यांत येत नाहींत, हा त्याचा एक लाभ. दुसरा याहून मोठा. घरांत रांगतें किंवा नुकतें चालूं लागलेलें मूल असेल तर उंच कांठानेंहि भागत नाहीं. पाण्यावर मजबूत जाळी अथवा भोंवतीं कुंपण हवेंच.

पुणें, नगर किंवा विदर्भ येथें जमीन पुष्कळ ठिकाणीं काळी आहे. ही माती पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. तिच्यावर टेकलेला हौद दोन वर्षांत तडकतो. यास्तव काळी माती मुरूम लागेपर्यंत काढून टाकावी, खड्डा मुरमानें भरून चोपावा आणि त्यावर लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटचा तळ घालावा. भिंती उभ्या असाव्यात, कोपरे मात्र गोलसर. कोपऱ्यांत पाणी साचून राहतें, आणि जेथें पाणी साचतें तेथें घाण साचते. तळाशीं वाळू, गोटे अथवा शिंपले घालण्याचा मोह टाळावा; घाण लपण्यास त्याहून सोयीची जागा नाहीं. कमळें लावावयाचीं तर वेगळ्या कुंडांत लावावींत, कारण कोई तळ उकरतो आणि मुळें उपटतो.

याहूनहि महत्त्वाचा भाग डोळ्यांना न दिसणारा आहे. तळाला चहूंकडून मध्याकडे उतार देऊन तेथें झांकणाची मोरी बसवावी, आणि तिचा चार इंची नळ काँक्रीट घालण्यापूर्वींच खालून बाहेर काढावा. हें काम मागाहून करतां येत नाहीं. हा नळ शेजारच्या निवळ-कुंडांत उघडतो. या कुंडांतल्या पाण्याची पातळी तळ्याच्या पातळीइतकीच असल्यामुळें पाणी आपोआप तिकडे वाहतें आणि जड गाळ तेथें खालीं बसतो. निवळलेलें पाणी पुढच्या गाळण-कुंडांतून जातें, आणि सर्वांच्या शेवटीं पंप तें उचलून पुन्हां तळ्यांत सोडतो. पंप आधीं बसविला तर तो घाणीचें पीठ करून तें पाण्यांत मिसळतो, म्हणून त्याची जागा शेवटींच. दोन तासांत सारें पाणी एकदां फिरलें पाहिजे. वरील तळ्याला तासाला ७,००० लिटर उचलणारा पंप पुरे. पाण्याजवळच्या वीजजोडणीवर गळती होतांच प्रवाह तोडणारी कळ बसविल्याशिवाय बटण दाबूं नये.

गाळण-कुंडाचें खरें काम कचरा अडविण्याचें नव्हे. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. हें द्रव्य डोळ्यांना दिसत नाहीं, पण माशाला तें विष आहे. पाणी उष्ण आणि अल्कधर्मी असेल तर अधिकच. गाळणींतल्या जाळ्यांवर आणि ब्रशांवर कालांतरानें सूक्ष्म जंतूंची वस्ती होते. त्यांतला एक वर्ग अमोनियाचें नायट्राइट बनवितो, तेंहि विषारीच. दुसरा वर्ग नायट्राइटचें नायट्रेट बनवितो, आणि तें बऱ्याच अंशीं निरुपद्रवी असतें. ही वस्ती पुरती जमावयास चारसहा आठवडे लागतात. म्हणून नव्या तळ्यांत एकदम बारा मासे सोडणें म्हणजे चूल पेटण्यापूर्वींच पंगत बसविणें होय. प्रथम दोन मासे सोडावेत, त्यांना अगदीं थोडें खाऊं घालावें, बाजारांत मिळणाऱ्या साध्या परीक्षा-द्रवानें पाणी तपासावें, आणि अमोनिया व नायट्राइट हीं दोन्हीं शून्यावर आल्याची खात्री झाल्यावरच पुढचे मासे आणावेत. तेहि आधीं तीनचार आठवडे वेगळ्या टांकींत ठेवावेत; एका रोगट माशानें सारें तळें रिकामें झाल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. कोईंचा म्हणून एक नागीणवर्गीय विषाणु १९९८ सालापासून ज्ञात आहे, आणि त्यावर औषध नाहीं.

नव्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि माशांचे कल्ले जाळतो. तळें भरावें, आठवडाभर ठेवून रिकामें करावें, असें तीनचार वेळां केल्यावर, किंवा पिण्याच्या पाण्याच्या टांकीस चालणारा जलरोधक लेप दिल्यावरच तें वापरावें. नळाच्या पाण्यांतला क्लोरीनहि मासे व जंतु या दोहोंनाहि घातक आहे. सोडियम थायोसल्फेटनें तो नाहींसा करतां येतो. भर पावसाळ्यांत मात्र तळें कधीं रिकामें करूं नये. भोंवतालच्या जमिनींत भरलेलें पाणी रिकामा हौद खालून वर उचलतें, आणि मग तळ फुटतो.

पुढची निगा फारशी कठीण नाहीं. पांच मिनिटांत संपेल एवढेंच खाद्य द्यावें. भात आणि पाव देऊं नये. दर आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलावें. वरील तळ्यांत तें सुमारें १,३५० लिटर होतें, आणि पाणीटंचाईच्या दिवसांत हा खर्च कोणासहि बोंचेल. परंतु तें पाणी वायां जात नाहीं. त्यांतील नायट्रेट हें झाडांचें खत असल्यानें बागेला तेंच घालावें. पंप रात्रीं बंद करूं नये. दिवसा प्राणवायु देणारें शेवाळ रात्रीं तोच प्राणवायु ओढून घेतें, आणि पहांटे त्याचें प्रमाण सर्वांत कमी होतें. पहांटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडें वासूं लागले, तर ती भूक नसून गुदमर आहे, हें ओळखावें. वीज जाण्याची भीति असेल तेथें बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप जवळ असावा.

मासे नकोसे झाले तर त्यांना नदींत सोडून पुण्य जोडण्याचा विचार करूं नये. कार्प हा तळ उकरून पाणी गढूळ करणारा परका मासा आहे. १९३९ सालीं निलगिरींत आणल्यापासून या देशाच्या पाण्यांत तो बराच पसरला आहे, आणि त्यांत भर घालण्याचें कारण नाहीं. ते दुसऱ्या छंदी माणसास द्यावेत.

खर्चाला मर्यादा असेल तर ती प्रथम माशांच्या संख्येवर पडावी, नंतर कांठाच्या दगडांवर. तळाची मोरी, गाळणी आणि खोली यांवर तिनें कधीं पडूं नये. दगड पुढच्या वर्षींहि रचतां येतात, मासे दिवाळीलाहि आणतां येतात. काँक्रीटखालचा नळ मात्र एकदांच घालतां येतो. म्हणून गवंड्यानें पहिली कुदळ मारण्यापूर्वीं घरधन्यानें त्याची जागा कागदावर नक्की केलेली असावी.